टाळीचे वाक्य

नाटकमंडळींच्या बोलीत 'टाळीचे वाक्य' म्हणून एक संज्ञा आहे. प्रवेश रेंगाळू लागला, प्रेक्षक चुळबूळ करू लागले, की नट दोन पावले पुढे येतो, आवाज चढवतो आणि असे एक वाक्य फेकतो की साऱ्या नाट्यगृहात टाळ्यांचा कडकडाट व्हावा. त्या वाक्याचा कथानकाशी संबंध असलाच पाहिजे असे नाही. पुष्कळदा तो नसतोच. सांगलीकरांना ही संज्ञा समजावून सांगण्याचे कारण नाही. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले ते याच गावी, आणि नाट्यपंढरी हे बिरुद गाव आजही अभिमानाने मिरवीत आहे. आमची तक्रार रंगभूमीविषयी नाही. नट पोटासाठी बोलतो, तिकीट घेतलेल्यांपुढे बोलतो, आणि पडदा पडल्यावर त्याच्या वाक्याची जबाबदारी कोणी त्याच्यावर टाकीत नाही. आमची तक्रार ही आहे की, हे वाक्य रंगभूमीवरून उठून निवडणुकीच्या व्यासपीठावर गेले आहे, आणि तेथे त्याने बाकीच्या साऱ्या वाक्यांना घराबाहेर काढले आहे.

प्रचारसभेहून परतलेल्या एखाद्या सुशिक्षित गृहस्थास, 'काय बोलले?' असे विचारून पाहावे. 'काय बोलले!' असे उत्तर मिळते. शब्द तेच, प्रश्नचिन्हाच्या जागी उद्गारचिन्ह आले एवढेच. परंतु त्या एका चिन्हाच्या फेरबदलात लोकशाहीतील मतदाराचा प्रेक्षक झालेला असतो. वक्त्याने कोणती गोष्ट करण्याचे कबूल केले, किती दिवसांत, कोणाच्या खर्चाने, हे सांगता येत नाही. आवाज कसा लागला, प्रतिपक्षाची नक्कल कशी केली, शेवटी मूठ कशी उगारली, हे मात्र अथपासून इतिपर्यंत सांगता येते.

साताऱ्याचे उदाहरण घेऊ. २०१९ च्या मे महिन्यात उदयनराजे भोसले राष्ट्रवादी काँग्रेसतर्फे लोकसभेवर निवडून आले. सप्टेंबरात त्यांनी राजीनामा देऊन भारतीय जनता पक्षात प्रवेश केला, आणि २१ ऑक्टोबर रोजी विधानसभेच्या निवडणुकीबरोबरच साताऱ्याची पोटनिवडणूक झाली. १७ तारखेस पंतप्रधान नरेंद्र मोदी यांची साताऱ्यात सभा झाली. दुसऱ्या दिवशी जिल्हा परिषदेच्या मैदानावर शरद पवार बोलावयास उभे राहिले आणि पावसाने त्यांना गाठले. वय अठ्ठ्याहत्तर, अंगावर पाऊस कोसळतो आहे, डोक्यावर छत्री नाही, आणि वक्ता बोलणे थांबवीत नाही, हे छायाचित्र त्या रात्रीच महाराष्ट्राच्या घराघरांत जाऊन पोहोचले. श्रीनिवास पाटील ८७ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले आणि 'पावसातली सभा' हा मराठी राजकारणातला वाक्प्रचार होऊन बसला.

आता या भाषणाकडे जरा निराळ्या दृष्टीने पाहावे. त्यात एक वाक्य असे होते की जे राजकीय पुढाऱ्याच्या तोंडून जन्मात एखादे वेळीच ऐकावयास मिळते. लोकसभेला उमेदवार निवडण्यात आपली चूक झाली, हे वक्त्याने सहस्रावधी लोकांसमोर कबूल केले. त्या वाक्याला धरून पुढे कितीतरी विचारता आले असते. चूक कोणत्या बाबतीत झाली? पक्ष उमेदवार निवडतो तो कोणत्या कसोटीवर? पुढच्या खेपेस ती कसोटी बदलणार काय? परंतु यांपैकी एकही प्रश्न कोणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. भाषणातील जबाबदारीचे असे ते एकच वाक्य पावसात वाहून गेले आणि पाऊस तेवढा शिल्लक राहिला. पावसाने निवडणूक जिंकून दिली, हेही आम्हांस मान्य नाही. चार महिन्यांत मतदारांचा कौल पायदळी तुडविला गेल्याचा राग साताऱ्याच्या माणसाला होता, आणि तो राग विचारातून आलेला होता. त्याचे श्रेय ढगाला देण्यात मतदाराचाच अपमान आहे.

त्याच वर्षीचे दुसरे पाणी आठवावे. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात कृष्णा सांगलीच्या घराघरांत शिरली होती. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्ट रोजी पूरग्रस्तांना घेऊन निघालेली नाव उलटली आणि माणसे बुडाली. सभेच्या आधी अवघे दहा आठवडे. धरणांतून पाणी केव्हा सोडावे, अलमट्टीच्या फुगवट्याविषयी कर्नाटकाशी काय ठरावे, नदीच्या पूररेषेत घरे बांधावयास परवानगी कोण देतो, पुढच्या पुरासाठी गावात नाव कोणाच्या ताब्यात असावी, असे शंभर प्रश्न त्या चिखलात रुतून पडले होते. प्रचारात पुराचा उल्लेख झाला नाही असे नव्हे. परंतु तो प्रतिपक्षास हाणण्याच्या दगडासारखा झाला. एका नेत्याच्या अंगावर पडलेल्या पाण्याची छायाचित्रे घरोघर पोहोचली. सहस्रावधी कुटुंबांच्या चुलीत शिरलेल्या पाण्याचा हिशेब मात्र कोणत्याही व्यासपीठावर कोणी मांडला नाही. याच प्रचारात अमित शहा यांची सभा जतला झाली आणि भाषणाचा भर काश्मीरच्या अनुच्छेद ३७० वर होता. ज्या तालुक्यात पाण्याचा टँकर हा ऋतूइतका नेमाचा, तेथील लोकांनी काश्मीरच्या नावाने घोषणा दिल्या. काश्मीरचा प्रश्न लहान आहे असे आम्ही म्हणत नाही. जतचा मोठा आहे, एवढेच म्हणतो. आणि जतला तरी तो पहिला असावा.

मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी याच वेळी, समोर लढावयास पैलवानच उरलेला नाही, अशा अर्थाचे उद्गार काढले होते आणि पवारांनी हातवाऱ्यांसह त्याला उत्तर दिले होते. कित्येक दिवस महाराष्ट्र पैलवान कोण याचाच खल करीत बसला. तालमींच्या या प्रदेशात तो दृष्टान्त गोड लागला यात नवल नाही. तथापि २०२४ साली सांगलीत दोनदा महाराष्ट्र केसरी झालेला खराखुरा पैलवान, चंद्रहार पाटील, लोकसभेच्या आखाड्यात उतरला, तेव्हा मतदारांनी त्यास तिसऱ्या स्थानी ठेवले. व्यासपीठावरचा दृष्टान्त आणि मतपेटीतला व्यवहार यांतील अंतर सामान्य माणसास कळत नाही, अशी समजूत असणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे. त्या लढतीतले तिन्ही प्रमुख उमेदवार पाटीलच होते, ही त्यातल्या त्यात सोय. आडनाव पाहून मत देण्याचा मार्ग तरी बंद झाला.

येथे कोणी म्हणेल की, वक्तृत्वाशिवाय लोकशाही चालावी कशी? डिमॉस्थिनीस, सिसेरो, बर्क यांची भाषणे आपण पाठ करावयाची आणि गावच्या पुढाऱ्याने दोन वाक्ये रंगवून सांगितली की नाके मुरडावयाची, हा कुठला न्याय? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देण्यास आम्हांस अथेन्सला जाण्याचे कारण नाही. उत्तर येडेमच्छिंद्रला आहे.

नाना पाटील हे त्या गावचे. तलाठ्याची नोकरी १९३० साली सोडून ते चळवळीत पडले. सातारा जिल्ह्यात तेव्हा आजचा सांगली जिल्ह्याचा बराच मुलूख मोडत असे. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. या सबंध मुलखात नानांनी केलेली भाषणे ही गावरान बोलीतली, म्हणी-दाखल्यांनी भरलेली, हशा पिकविणारी असत. वक्तृत्वाचा एकही अलंकार त्यांनी वर्ज्य केला नव्हता. मग आमचा आक्षेप त्यांना का लागू पडत नाही? त्यांच्या भाषणाअखेर श्रोत्याला काहीतरी अवघड करावे लागे म्हणून. सावकाराचा तंटा कोर्टात न नेता गावच्या न्यायमंडळापुढे न्यावा, लग्नाचा खर्च मोडून थोडक्यात उरकावे, दारू सोडावी, भूमिगताला भाकरी द्यावी आणि पोलीस आले तर तोंड मिटून बसावे. १९४३ पासून १९४६ पर्यंत चाललेले प्रतिसरकार हे या बोलण्यातून उभे राहिले. वक्त्याला स्वतःला त्याची किंमत पडली ती वेगळीच. डोक्यावर बक्षीस, घरादाराची जप्ती, आणि चार वर्षे रानोमाळ. असे भाषण ऐकून कोणी नुसत्या टाळ्या पिटून घरी जाऊ शकत नसे. म्हणजे टाळ्या पडतच नसत असे नव्हे. पण त्या भाषणाचे माप टाळ्यांनी होत नसे.

त्या काळाला सोन्याचा मुलामा देण्याचा आमचा हेतू नाही. 'प्रतिसरकार' या शब्दाचे लोकांच्या तोंडी 'पत्री सरकार' झाले, हीदेखील प्रचाराचीच करामत होती. फितुराच्या पायांना घोड्यासारख्या पत्र्या ठोकतात ही वदंता गावोगाव पसरली. तळपायांवर फटके बसत हे खरे. पत्र्यांची गोष्ट बव्हंशी वदंताच. परंतु ती खोडून काढण्याची घाई कोणास नव्हती, कारण शब्द स्वतःच पहाऱ्याचे काम करीत होता. भीतीचे वक्तृत्वही वक्तृत्वच, आणि देशभक्ताने वापरले म्हणून ते निर्दोष होत नाही.

याच्या अगदी उलट स्वभावाचे दुसरे उदाहरणही याच जिल्ह्यातले. १९५५ च्या अखेरीस संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीने सारा प्रांत पेटलेला असता यशवंतराव चव्हाण यांनी फलटण येथे, संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करावयाची तर आपण नेहरूंच्या बाजूस राहू, अशा आशयाचे उद्गार काढले. टाळीच्या वाक्याची ही नेमकी उलट बाजू. लोक संतापले आणि वर्षानुवर्षे त्यांनी ते वाक्य चव्हाणांच्या तोंडावर फेकले. १९५७ साली कराडला ते थोडक्या मतांनी तरले. साताऱ्यातून लोकसभेवर समितीतर्फे निवडून गेले ते नाना पाटील. चव्हाणांचे ते मत आम्हांस त्याज्य वाटते. पण मत त्याज्य असले तरी वाक्य सच्चे होते. कारण त्याला धरून वक्त्याला जाब विचारता येत होता आणि मतदारांनी तो विचारला. आज असे वाक्य कोणाच्या तोंडून निघते? वक्त्याचा सल्लागार ते आधीच खोडून टाकतो. वक्त्याचे नुकसान करू शकेल असे एकही वाक्य ज्या भाषणात नाही, त्यात मतदाराच्या कामाचेही एकही वाक्य नसते, असा आमचा अनुभव आहे.

कामाचे वाक्य कसे असते हे पाहावयाचे तर पुन्हा पाण्याकडेच वळले पाहिजे. कृष्णेच्या पाण्यापैकी महाराष्ट्राच्या वाट्यास बच्छावत लवादाने ५६० अब्ज घनफूट पाणी दिले आणि ते २००० सालापर्यंत अडविण्याची निकड निर्माण झाली. १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. ताकारी, म्हैसाळ, टेंभू ही नावे तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत घुमत आली आहेत. या उपसा योजना आहेत. नदीचे पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवून खानापूर, आटपाडी, कवठे महांकाळ, जत अशा कोरड्या मुलखात न्यावयाचे. म्हणजे कालवा खोदून भागत नाही. पंप चालले पाहिजेत, आणि त्यांची वीज कोणीतरी भरली पाहिजे. थकबाकीमुळे पंप बंद आणि उभी पिके वाळत आहेत, हा प्रकार या भागाने अनेकदा पाहिला. पुढे वीजबिलाचा ८१ टक्के भाग शासनाने आणि १९ टक्के शेतकऱ्याने सोसावा असे ठरले. आता सांगावे, '८१ आणि १९' या आकड्यांना कधी कोणत्या सभेत टाळी पडली आहे? मात्र जतच्या डाळिंबाचे झाड जगते ते या आकड्यांवर. कोणाच्या गर्जनेवर नव्हे. प्लेटोने 'गॉर्जियस' नामक संवादात वक्तृत्वास पाकक्रियेची उपमा दिली आहे. वैद्य आणि आचारी यांचा तंटा लहान मुलांच्या पंचायतीपुढे नेला, तर निकाल कोणाच्या बाजूने लागेल, असे त्याने विचारले. आमच्या सभांतून वैद्य दिसेनासाच झाला आहे; दोन आचारी एकमेकांच्या पक्वान्नास नावे ठेवीत उभे असतात.

या मुलखात वैद्य नव्हतेच असे मात्र नाही. प्रतिसरकारातले वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी यांनी १९९३ पासून आटपाडीस तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरविण्यास सुरुवात केली. वर्षामागून वर्षे तेच गाव, तेच लोक आणि तोच प्रश्न: गेल्या वर्षी मागितले त्यापैकी काय झाले? समन्यायी पाणीवाटप हा शब्द उच्चारावयास जड, यमकात न बसणारा, टाळीला नालायक. तरी तो त्या माळावर रुजला. कारण तेथे बोलणारा एकदा बोलून निघून जात नव्हता. पुढच्या परिषदेला त्यास त्याच लोकांसमोर उभे राहावे लागे.

आणि २०२२ च्या नोव्हेंबरात जे घडले ते तर वक्तृत्वाच्या अभ्यासकाने मुद्दाम टिपून ठेवावे. कर्नाटकचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जतच्या चाळीसेक गावांवर हक्क सांगितला. त्यास आधार काय, तर दहाएक वर्षांपूर्वी पाण्यासाठी हताश झालेल्या काही ग्रामपंचायतींनी केलेले ठराव. महाराष्ट्राचे पुढारी अस्मितेच्या गर्जना करू लागले. पूर्व जतच्या लोकांनी मात्र शांतपणे म्हटले की, सीमेपलीकडे तुबची-बबलेश्वर योजनेचे पाणी आम्हांस डोळ्यांनी दिसते; इकडे पाणी द्या, नाहीतर आम्ही तिकडे जातो. पंचवीस वर्षांच्या अर्जविनंत्यांनी जे हलले नाही ते या एका वाक्याने हलले आणि विस्तारित म्हैसाळ योजनेच्या घोषणा लगबगीने झाल्या. या साऱ्या कहाणीत परिणामकारक वाक्य बोलले ते श्रोत्यांनी. व्यासपीठ त्यांना कोणी दिले नव्हते.

२०२४ च्या निवडणुकीत वाणीची जागा चिन्हाने घेतली. पक्ष फुटल्यावर शरद पवारांच्या पक्षास 'तुतारी वाजविणारा माणूस' हे चिन्ह मिळाले. ते लोकांच्या मनावर ठसवावयाचे म्हणून सभासभांतून तुताऱ्या फुंकल्या गेल्या. साताऱ्यात शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी उदयनराजांकडून पराभूत झाले. आणि ज्याचे चिन्ह पिपाणीसारखे वाद्य होते, पण यादीत ज्यास मराठीत 'तुतारी' असेच नाव दिलेले होते, अशा एका अपक्षास ३७,०६२ मते पडली. ती सारीच्या सारी चुकून पडली असे कोणास सिद्ध करता येणार नाही. सुशिक्षितांत मात्र हसे झाले: पाहा, खेडवळांस तुतारी आणि पिपाणी यांतला भेद कळत नाही! आम्हांस या हसण्याची चीड येते. महिना-दीड महिना मतदारास दुसरे काही न सांगता केवळ 'तुतारी, तुतारी' म्हणून कानीकपाळी ओरडावे, आणि त्याने तुतारी या नावापुढचे बटण दाबले की त्यास अडाणी ठरवावे! जे शिकविले तेच त्याने केले. अपराध शिकविणाराचा आहे.

सांगलीत विशाल पाटील अपक्ष उभे राहून लिफाफा या चिन्हावर एक लाखाहून अधिक मताधिक्याने निवडून आले. त्यांच्या प्रचाराचा गाभा वसंतदादांच्या घराण्यावर आणि काँग्रेसची जागा मित्रपक्षास गेल्याने सांगलीवर झालेल्या अन्यायावर होता. अन्याय झाला असेलही. परंतु घरातल्या माणसावर अन्याय झाला या सहानुभूतीने पत्र टाकावयाचे, आणि लिफाफ्यात काय लिहिले आहे ते कोणी वाचावयाचे नाही, हा व्यवहार आम्हांस चमत्कारिक वाटतो. शेजारच्या कोल्हापुरात तर 'गादी' या शब्दाशी 'मोदी' हा शब्द यमकात बसतो, एवढ्याच पायावर एक घोषणा उभारण्यात आली. शाहू छत्रपती निवडून आले, तेव्हा यमक हरले असे म्हणावयाचे. पण गादी जिंकली ती यमकाच्या दुसऱ्या शब्दाहून अधिक विचाराने जिंकली काय, हे कोण सांगणार?

या सर्वांत आमच्या वाचकांचा भाग कोणता? ते म्हणतील, आम्ही सभेस जात नाही. जात नाहीत हे खरे. ते घरी बसून दूरध्वनीच्या पडद्यावर अर्ध्या मिनिटाचा तुकडा पाहतात, हसतात आणि तो दहा जणांस पाठवितात. आचाऱ्याचा खरा गिऱ्हाईक मैदानावर उन्हात बसलेला शेतकरी राहिलेला नाही. आता तो हा अर्ध्या मिनिटाचा रसिक आहे. वक्ते आता त्याच्यासाठीच वाक्ये घडवितात, आणि बाकीचे भाषण त्या वाक्याभोवती पेंढा भरल्यासारखे भरतात. मैदानावरच्या माणसाला निदान सबंध भाषण ऐकावे लागते. मध्येच कोणी उठून 'पाण्याचं बोला' म्हणून ओरडतो आणि वक्त्यास तोंड द्यावे लागते. पडद्यावरच्या तुकड्यास कोणी अडवू शकत नाही. आपण भावनेच्या आहारी जात नाही, असे ज्यांस वाटते तेच हे तुकडे सर्वांत जास्त वाटतात. कलेचे परीक्षण करीत आहोत असे ते समजतात. प्रत्यक्षात ते फुकटचे प्रचारक असतात.

आमची एक साधी सूचना आहे. साताऱ्यास जुने नगर वाचनालय आहे. सांगलीचे नगर वाचनालय २०१९ च्या पुरात भिजूनही पुन्हा उभे राहिले आहे. या दोन्ही ठिकाणी एक जाडशी वही ठेवावी. जिल्ह्यात झालेल्या प्रत्येक प्रचारसभेतील जे वाक्य पुढे तपासता येईल तेवढेच तिच्यात उतरून घ्यावे: कोण म्हणाले, कोठे, कोणत्या तारखेस, काय करीन म्हणाले, केव्हापर्यंत. समोरचा रकाना कोरा ठेवावा आणि दरवर्षी वाचकांपैकी दोघांनी बसून तो भरावा. पक्ष कोणताही असो, अक्षर एकाच शाईचे असावे. वहीला पाने फार लागणार नाहीत. पहिली नोंद विस्तारित म्हैसाळची घालावी, आणि ती भरावयास पूर्व जतच्या एखाद्या शेतकऱ्यास बोलवावे.